बाभळीतलं लोखंड

आमच्या घरी बैलजोडी यायची होती, तिच्याऐवजी इंजीन आलं. मी लग्न होऊन चिकलठाण्याला आल्यानंतर तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, भाकरी बांधून शहरात हर्रासाला गेले. रेल्वेला लाकडाचे स्लीपर पुरवणारा कुणी ठेकेदार सगळं जागच्या जागी टाकून निघून गेला होता आणि त्याच्या वखारीतलं सामान सरकार विकत होतं. बैल चांगले आहेत असं मामंजींच्या कानावर आलं होतं. ते पोचायच्या आत बैल दुसऱ्याने नेले. आता हात हलवत घरी येणं म्हणजे गावात नाक कापून घेणं, असा त्यांचा स्वभाव. तिसऱ्या दिवशी भाड्याच्या आठ बैलांनी एक काळं धूड ओढत आमच्या मळ्यात आणलं, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून एवढंच म्हणाल्या, "ह्याला चारा काय घालायचा?"

ते वाफेवर चालणारं आरायंत्र होतं. चार लोखंडी चाकांवर आडवा बॉयलर, त्यावर बिजागरीने खाली पाडता येणारं धुराडं, आणि बाजूला माणसाएवढं मोठं चाक. मागच्या गाडीवर लाकूड सरकवायचा लांब ओटा होता आणि ओट्याच्या मधोमध गोल चकती. त्या चाकावरून चकतीपर्यंत एक रुंद चामडी पट्टा जायचा. चकतीचे दात सुटे होते. एखादा झिजला की किल्लीने काढायचा आणि नवा बसवायचा. आत्याबाईंच्या तोंडात तेव्हा खालचे चारच दात उरले होते, त्यामुळे त्या चकतीकडे त्या फार हेव्याने बघायच्या.

झाड तोडून वखारीत न्यायचं ही आमच्याकडची रीत. हे यंत्र उलटं होतं. धुराडं पाडायचं, बैल जुंपायचे आणि जिथं झाडं असतील तिथं गिरणीच घेऊन जायची. एकदा आमच्या ह्यांच्याबरोबर ते वैजापूरपर्यंत गेलं आणि बाजारातल्या शेडची सगळी लाकडं कापून महिन्याने परत आलं. लोक तमाशाला जमावेत तसे जमायचे म्हणे. मामंजींची मान तेव्हापासून जी ताठ झाली, ती जेवतानाही वाकेना.

बॉयलरवर पितळेची एक पाटी होती, इंग्रजीतली. मी मराठी चौथी शिकलेली, आमचे हे निजामाच्या शाळेत उर्दू सातवी. दोघंही त्या पाटीपुढे सारखेच अडाणी. मग शहरातून एक शिकलेले पाहुणे आले, त्यांनी वाचून सांगितलं, की विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव आहे आणि खाली सन आहे, अठराशे. पुढचे दोन आकडे घासून गेले होते. म्हणजे ते यंत्र पन्नास वर्षांचं की शंभर, हे कळायला मार्ग नाही. त्या दिवसांत असं पुष्कळ काही कळत नव्हतं. राज्य बदललं हे कळलं होतं. पण अर्ज कुठल्या लिपीत लिहायचा, निजामाचं जुनं नाणं कुठवर चालणार, समोरच्याला आदाब म्हणायचं की रामराम, ह्याचा घोळ चालूच होता. माझ्या स्वतःच्या डोक्यात तर सगळाच घोळ होता, आणि त्याचं कारण निराळं होतं. ते पुढे येईल.

इंजिनामागून एक म्हातारा माणूस चालत आला होता. गुडघ्यापर्यंत पायजमा, खांद्यावर तेलाने काळं झालेलं फडकं, हातात पत्र्याचा डबा. तो त्या यंत्राचा मिस्त्री. यंत्र विकलं गेलं तेव्हा त्याला कुणी विकलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. तो नुसता मागे मागे आला. मामंजींनी विचारलं, "तू कुठं?" तर म्हणाला, "पाटील, ये मेरे बगैर चलता नहीं. और मैं भी." बायको मागेच वारली होती. मुलगा त्या गडबडीत हैदराबादेकडे गेला, तो कुठं आहे ह्याचा पत्ता नव्हता. मामंजींनी गोठ्याशेजारची खोली त्याला दिली. दोन्ही वेळची भाकरी आमच्याकडून जायची.

मला ते बहू म्हणायचे, मी चाचा म्हणायचे. आमच्या घरी आल्यावर पट्ट्याला चरबी लावायचं त्यांनी आपणहून बंद केलं आणि एरंडेल लावायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना ते कळलं तेव्हापासून चाचांच्या भाकरीवर तुपाचं बोट पडायला लागलं. हाताने लाकूड कापणाऱ्यांचा मात्र चाचांना भारी तिटकारा. एक माणूस वर, एक खाली, दोघं मिळून दिवसभर करवत ओढायचे. "नीचेवाले के आँख में सारा भूसा," असं म्हणून ते हसायचे. "वो काम आदमी का नहीं."

ओंडका ओट्यावर चढला की त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी दोन्ही हातांनी सगळा ओंडका चाचपायचे. साल खरवडून बघायचे. मग ओंडका ज्याचा असेल त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने विचारायचे, "लोहा?" मालकाने "नाय" म्हणायचं. असं तीनदा. तिसरं "नाय" आल्याशिवाय पट्टा चढत नसे. झाडात कुठं एखादा खिळा राहिला असेल आणि चकती त्याला लागली, तर तिचे दात बंदुकीच्या गोळीसारखे उडतात, जवळ उभा असलेला माणूस मरतो, असं ते सांगायचे. जंगलात त्यांनी एकाला तसं मरताना बघितलं होतं. आमच्या ह्यांना त्या प्रश्नोत्तरांचं हसू यायचं. मामंजी मात्र लग्नात मंगलाष्टकं म्हणावीत तशा गंभीर चेहऱ्याने तीनदा "नाय" म्हणायचे, कारण सगळ्यांसमोर मालक म्हणून त्यांनाच विचारलं जायचं.

आता माझं सांगते.

यंत्र यायच्या आधी माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यात फसलं. मुलगा होता. मी दोन महिने अंथरुणाला खिळून होते आणि उठल्यावरही भानावर नव्हते. दूध उतू जायचं आणि मी बघत बसायचे. आत्याबाईंनी एका भगताला विचारलं. त्याने सांगितलं, पोरीला बांधावरच्या बाभळीचं काहीतरी लागलंय, ते तिथंच बांधून टाका. मग अमावस्येच्या भर दुपारी, पुरुष माणसं रानात असताना, आत्याबाई मला बांधावर घेऊन गेल्या. विंचरताना गळालेलं माझं आठ दिवसांचं गुंतवळ त्यांनी जपून ठेवलं होतं. ते एका वीतभर खिळ्याला गुंडाळलं, वरून काळा दोरा बांधला, आणि माझ्याच हातांनी तो खिळा बाभळीत ठोकायला लावला. छातीच्या उंचीवर. दगडाने ठोकता ठोकता माझा अंगठा सोलवटला. खिळ्याचं डोकं सालीत पुरतं बुडेपर्यंत त्यांनी मला थांबू दिलं नाही. मग म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाय. सांगितलं की सुटलं."

माझा विश्वास होता का? खरं सांगायचं तर मला तेव्हाही माहीत नव्हतं. दिवसा मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटायचं. पण त्यानंतर मी सुधारत गेले हेही खरं. दूध उतू जायच्या आत मी भांडं उतरवायला लागले. खिळ्याने बरं वाटलं, की दोन महिन्यांनी बरं वाटायचंच होतं, हे मी कुणाला विचारणार? सांगायचीच बंदी होती.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. सहावा महिना लागला तेव्हा आत्याबाई माझ्या चालण्याकडे, खाण्याकडे, झोपण्याकडे अशा बघायच्या, की मला वाटे मी सून नसून डोक्यावर नेत असलेली घागर आहे.

त्याच सुमाराला आसपासच्या गावांतून बैलगाड्यांसाठी लाकूड मागायला लोक आले. पेरणीच्या आत हवं होतं. घरच्या रानातल्या बाभळी तोडायच्या, असं मामंजींनी आणि ह्यांनी ठरवलं. कुठल्या, हे आम्हा बायकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. बायकांना चुलीपुरतं लाकूड कळतं, अशी समजूत. आत्याबाई त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी मी चहा घेऊन यंत्रापाशी गेले तर तोडलेल्या बाभळींचे ओंडके तिथं येऊन पडलेले. एक ओट्यावर चढवलेला होता. चाचा त्यावरून हात फिरवत होते.

मी थांबले. त्या ओंडक्यावर एका जागी डिंकाची काळी गाठ होती, खालच्या टोकापासून साधारण माझ्या छातीइतक्या अंतरावर. पण डिंक तर प्रत्येक बाभळीला येतो. फांद्या उतरवलेलं झाड ओळखायचं कसं? उभं असताना मी ते एकदाच जवळून पाहिलं होतं आणि तेव्हाही डोळ्यांत पाणी होतं. ही तीच का? बांधावरच्या चार बाभळींपैकी कुठल्या तोडल्या? हेच मी मनात घोकत राहिले.

"लोहा?" चाचांनी विचारलं.

"नाय," मामंजी म्हणाले.

"लोहा?"

"नाय."

आता बोलायला हवं होतं. दहा-बारा पुरुष उभे होते, परगावचेही होते. मामंजींसमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, आणि बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, गुंतवळ, भगत, माझं ते दोन महिने वेड्यासारखं बसणं. आणि "सांगितलं की सुटलं." मी पोटावर हात ठेवला. ती नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. नसेलच.

"लोहा?"

"नाय म्हणलं ना," मामंजी म्हणाले.

पट्टा चढला. चकती लाकडात शिरली, भुसा उडायला लागला, बाभळीचा तांबूस भुसा. अर्धं लाकूड झालं असेल नसेल आणि आवाज बदलला. तो आवाज मला वर्णन करता येत नाही. चाचांनी काठीने पट्टा पाडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चकतीचे दात चारी बाजूंना उडाले. एक चाचांच्या हाताला चाटून गेला आणि कोपरापासून मनगटापर्यंत रक्त आलं. एक यंत्रावर घातलेल्या छपराच्या खांबात घुसला. त्या खांबाला आमचे हे टेकून उभे होते, आणि दात घुसला तो त्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर.

मी चहाची किटली कुठं ठेवली ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर एकच चर्चा. अकरा दात गेले होते, चाचांच्या डब्यात सहाच शिल्लक होते, आणि तसले दात आता विलायतेतही मिळत असतील की नाही कुणास ठाऊक. यंत्र बंद पडलं. पण यंत्राचं दुःख मामंजींना नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा चार बोटांनी वाचला होता. असं झालं की माणसाला कुणावर तरी चिडायला लागतं. तीनदा "नाय" म्हणणारे आपणच होतो, हे काही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. गावातल्या लोकांनी त्यांचं काम सोपं केलं. "पाटील, ह्या लोकांच्या मनात अजून डूख हाय," असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने री ओढली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनाच पटलं होतं, की म्हाताऱ्याने खिळा मुद्दाम ठोकला. वैजापूरपर्यंत ज्याच्या भरवशावर पाटलाचा मुलगा गेला होता, तोच हा म्हातारा.

संशय घ्यायला एक कारणही होतं. मामंजींनी चाचांना विचारलं, "लोखंड कुठं हाय? दाखव." ओंडका फोडून चाचांनीच छिन्नीने ते काढून फडक्यात घेतलेलं सगळ्यांनी लांबून बघितलं होतं. पण चाचा म्हणाले, "टुकडे हो गया, पाटील. भूसे में गया." हे कुणालाही पटलं नाही. भुसा चाळून झाला, एक तुकडा सापडला नाही. निर्दोष माणूस लोखंड लपवील कशाला? मलाही तेच वाटलं. थोडा वेळ तर माझ्या मनात आलं, की कदाचित त्यांनीच ठोकला असेल, कदाचित ती माझी बाभूळ नव्हतीच. असं वाटल्यावर मला किती हलकं वाटलं ते मी सांगत नाही.

आत्याबाई परत आल्या आणि बांधाकडे बघून आल्या. चारांतली नेमकी तीच गेली होती. घरात येऊन त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "तू त्वांड उघडशील तर माझ्याशी गाठ हाय. पोट बघ आपलं."

"पण खिळा निघाला, आत्याबाई," मी म्हटलं. "मग जे बांधलं होतं ते सुटलंच की."

त्या माझ्याहून जास्त भ्यालेल्या होत्या. देवापुढे जाऊन बसल्या आणि उठेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांची भाकरी घेऊन गेले. हाताला फडकं बांधून ते खोलीच्या दारात बसले होते. मी भाकरी खाली ठेवली आणि निघाले, तर म्हणाले, "बहू, बैठ. डर मत."

मी उभीच राहिले.

"खिल्ले पे बाल थे," ते म्हणाले. "लंबे बाल. काला डोरा. इस घर में इतने लंबे बाल तेरे हैं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मेलेला मुलगा, दूध, भगत, अमावस्या. ज्या गोष्टी आईला सांगितल्या नव्हत्या त्या मी त्या परक्या म्हाताऱ्याला सांगितल्या. प्रश्न ऐकला होता आणि गप्प बसले होते, तेही सांगितलं. ते हातावरच्या फडक्याची गाठ उगीचच घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "खिल्ला टेढा हो गया था. मैंने सीधा किया. बाल वैसेच रखे. दूसरे झाड में ठोक दिया, कल फजर में. अब तू फिकर नक्को कर."

मला क्षणभर समजेना हा माणूस काय बोलतोय. "तुमचा विश्वास आहे ह्याच्यावर?" मी विचारलं.

"नहीं. तेरा है?"

"मला माहीत नाही."

"मेरेकू भी नहीं मालूम," ते म्हणाले. "मगर ठोकने में क्या जाता है?"

कुठल्या झाडात, असं मी विचारलं. ते त्यांनी सांगितलं नाही. माहीत झालं की कुणाला तरी सांगशील, म्हणाले. मग मी ज्यासाठी गेलेच नव्हते ते बोलून बसले. "चाचा, मामंजींना सांगू नका." ते हसले. "सांगायचं असतं तर लोखंड लपवलं असतं का?" हे एवढं वाक्य त्यांनी चक्क मराठीत म्हटलं. त्यांची मराठीतली वाक्यं मी सगळी मिळून चार-पाच ऐकली असतील, त्यांतलं हे एक.

त्याच दुपारी मामंजींनी त्यांना अंगणात बोलावलं. गावातली चार माणसं ओसरीवर बसली होती. मी आणि आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआड. मामंजी दोन दिवसांत निवळले होते. ते तापट होते, पण अन्यायी नव्हते, आणि यंत्र चालवायला दुसरा माणूस मिळणार नाही हेही त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, मला ते लोखंड दाखव. जुनं गंजलेलं असंल तर तुझा काय दोष नाय, झाडात असंल आधीपासून. नवं असंल तर कुणी ठोकलं ते बघू. पर लपवशील तर मी काय समजायचं?"

चाचांनी दोन्ही रिकामे हात पुढे केले.

मामंजींनी घराकडे तोंड केलं. "घरातल्या कुणाला काय ठाऊक असंल तर आत्ता बोला. पुन्ना म्हणू नका, इचारलं नाय."

अख्ख्या आयुष्यात त्या घराने बायकांना काही विचारलं असेल तर ते त्या दिवशी. आत्याबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली होती. दाराच्या फटीतून मला चाचा दिसत होते. त्यांनी दाराकडे बघितलं, आणि माझी खात्री आहे, माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्यांनी घाई केली.

"किसीकू मत पूछो, पाटील. मेरीच गलती है. आँखां गयीं मेरी. देखा नहीं मैंने."

"आणि लोखंड?"

"फेंक दिया. शरम आयी."

ओसरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मामंजी म्हणाले, "मग मी तुला ठेवू शकत नाय." चाचांनी मान हलवली. खोलीत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आले, तो यंत्राच्या ओट्यावर ठेवला, कारण त्यातले दात यंत्राचे होते, आणि फडकं खांद्यावर टाकून जालना रस्त्याने शहराकडे चालायला लागले. यंत्राकडे त्यांनी वळून बघितलं की नाही ते मला दाराआडून दिसलं नाही.

ऑगस्टात मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट, रडून घर डोक्यावर घेणारी. आत्याबाईंनी बर्फी वाटली आणि भगताला धोतर, नारळ पाठवला. मला विचाराल तर नारळ दुसरीकडेच जायला हवा होता, पण कुठं पाठवायचा ते मला माहीत नव्हतं. त्या वर्षी आणि पुढेही रानात कुणी कुऱ्हाड घेऊन निघालं, की ते कुठल्या बाजूला जातंय हे मी दारात येऊन बघायचे. कुठलं झाड, ते कुणाला ठाऊक? आमच्या ह्यांनी सहा दात बसवून, बाकीचे लोहाराकडून घडवून यंत्र चालवायचा प्रयत्न केला. धूर झाला, शिट्टी झाली, लाकूड काही कापलं गेलं नाही.

मुलगी चालायला लागली त्या महिन्यात मी मामंजींना सांगितलं. आत्याबाई घरात होत्या, पण मी त्यांना विचारलं नाही. मामंजी अंगणात मुलीला बोट धरून चालवत होते. डोक्यावरचा पदर सांभाळत, त्यांच्याकडे न बघता मी सगळं सांगितलं. झाड, खिळा, केस, तीनदा विचारलेलं "लोहा", चाचांनी लपवलेलं लोखंड. ते ऐकत होते. मुलगी त्यांचं बोट सोडून धपकन बसली तरी त्यांनी तिला उचललं नाही.

मग त्यांनी एकच विचारलं, "तवा का बोलली नाहीस?"

"भ्याले," मी म्हटलं.

त्यांनी त्याच दिवशी गाडी जुंपली. शहरातल्या शहागंजात, लाकडांच्या वखारी होत्या तिकडे चौकशी करत गेले. दिवस मावळायच्या आत परत आले ते एकटेच. गाडी सोडली, पाय धुतले, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा बोलले. मिस्त्री सापडला होता. एका वखारीत हाताच्या करवतीवर होता. लाकूड घोडीवर चढवलेलं, एक जवान गडी वर उभा, आणि म्हातारा खाली. डोळे लाल झालेले, भुवयांवर भुसा.

"म्या म्हणलं, चल घरी. चूक माझी हाय, तीनदा म्याच नाय म्हणलो. म्हणलं, गावाफुडं सांगतो." मामंजी तांब्यातलं पाणी न पिताच बोलत होते. "नाय आला. म्हणला, पाटील, आता इथं हात बसला. मग इचारलं, बच्चा कैसा है. म्या म्हणलं, पोरगी हाय, चालती. तर हसला. म्हणला, फिर हो गया. आणि करवत धरली."

मामंजींना वाटलं मी रडेन. मी रडलेही. पण "भ्याले" हे मी त्यांना दिलेलं उत्तर पुरतं खरं नव्हतं, आणि आता ते ऐकायला कुणी उरलं नाही म्हणून इथं लिहिते. त्या दुपारी दाराआड चाचांचं "मेरीच गलती है" माझ्या कानांवर पडलं, तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. लाज नंतर वाटली, वाईट त्याहून नंतर. सगळ्यात आधी, एखादं ओझं उतरावं तसं बरं वाटलं. माझं पोर राहणार आणि हा माणूस जाणार, असा सौदा समोर आला होता आणि मी तो मुकाट्याने घेतला.

मुलीला आता नातवंडं आहेत. ती खिळ्यामुळे जगली की जगायचीच होती, चाचांनी खरंच तो दुसऱ्या झाडात ठोकला की माझ्या समाधानासाठी तसं सांगितलं, ह्यांतलं मला आजवर काही कळलेलं नाही. पण मला पुन्हा त्या दाराआड उभं केलं, पुन्हा सहावा महिना असला आणि मामंजींनी पुन्हा विचारलं, तर तो म्हातारा उरलेलं आयुष्य करवतीखाली भुसा झेलणार आहे हे ठाऊक असूनही मी गप्पच राहीन. एवढ्या सगळ्या घोळात ही एकच गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, आणि ती ठाऊक नसती तर बरं झालं असतं.